एस्प्रेसोसाठी कॉफीच्या बिया: वाचकांचे प्रश्न

घरी एस्प्रेसो मशीन घेतलेल्या वाचकांची बरीच पत्रे एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबतात: मशीन तर आले, आता बिया कोणत्या घ्यायच्या? या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. उत्तरांतली प्रमाणे दुहेरी शॉटची आहेत, म्हणजे बास्केटमध्ये (पूड भरायच्या जाळीदार भांड्यात) 18 ग्रॅम कोरडी पूड आणि कपात उतरणारी 36 ग्रॅम कॉफी. तुमचे बास्केट 14 किंवा 16 ग्रॅमचे असेल, तर कपातले वजन त्याच्या दुप्पट धरावे.

प्रश्न (ठाणे): ऑनलाइन पाहावे तर पाकिटांची रांगच लागते. प्रत्येकावर 'प्रीमियम', '100 टक्के अरेबिका', 'स्ट्राँग' असे काहीतरी छापलेले. नेमके काय वाचायचे?

आधी भाजल्याची तारीख शोधा. 'रोस्टेड ऑन' असे लिहून त्यापुढे दिवस, महिना आणि वर्ष हवे. नुसती पॅकिंगची तारीख आणि 'बेस्ट बिफोर 12 महिने' एवढेच असेल, तर ते पाकीट एस्प्रेसोसाठी घेऊ नये. बारा महिन्यांत कॉफी नासत नाही हे खरे. पण भाजताना बियांत साठलेला कार्बन डायऑक्साइड आणि सुगंधी द्रव्ये त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असतात. फिल्टर कॉफीत ही उणीव थोडीफार झाकली जाते. एस्प्रेसोत गरम पाणी 9 बार दाबाने अर्ध्या मिनिटात पुडीतून जाते, तिथे झाकायला जागाच नसते. शॉट भसकन पडतो, वरचा क्रेमा, म्हणजे तपकिरी फेस, पातळ आणि फिकट येतो, चवीला पुठ्ठ्याचा वास लागतो.

दुसरी गोष्ट भाजणीची पातळी: लाइट, मीडियम, मीडियम डार्क, डार्क. घरगुती मशीनवर सुरुवात करणाऱ्याने मीडियम किंवा मीडियम डार्क घ्यावी. दोन-तीन सेकंद इकडेतिकडे झाले, तापमान एखाद्या अंशाने चुकले, तरी ती भाजणी सांभाळून घेते. चवीच्या वर्णनात चॉकलेट, काजू-बदाम, कॅरामल, गूळ असे शब्द असतील तर त्या बिया एस्प्रेसोत सहज जमतात. लिंबू, जाई, बेरी असे शब्द असतील तर भाजणी बहुधा हलकी असते आणि काम अवघड होते.

तिसरी गोष्ट, बिया कुठून आल्या. चिकमगळूर, कोडगू, बाबाबुडनगिरी, बिळिगिरीरंगन, शेवरॉय, अराकू, वायनाड असा प्रदेश, जमल्यास इस्टेटचे नाव, जात (एस 795, सिलेक्शन 9, चंद्रगिरी वगैरे) आणि प्रक्रिया (वॉश्ड म्हणजे साल-गर काढून धुतलेली, नॅचरल म्हणजे फळासकट वाळवलेली, हनी म्हणजे थोडा गर ठेवून वाळवलेली) एवढे दिलेले असेल, तर विकणाऱ्याला आपण काय विकतो हे ठाऊक आहे असे समजायला हरकत नाही. इथे एक खुलासा करायला हवा, कारण त्यावर विचारणा होते: पाकिटावर 'रत्नगिरी इस्टेट' दिसली तर ती कोकणातली नव्हे, कर्नाटकात बाबाबुडनगिरीच्या डोंगरांत आहे.

'100 टक्के अरेबिका' ही फक्त कॉफीच्या झाडाची प्रजाती झाली. वाईट अरेबिकाही शंभर टक्के अरेबिकाच असते. 'स्ट्राँग 5/5' हा आकडा बहुतेक वेळा भाजणी किती काळी आहे एवढेच सांगतो, कॅफिन किंवा दर्जा नव्हे.

शेवटी हंगाम पाहा. ही बाब कमी लोक विचारतात, पण ती महत्त्वाची आहे. दक्षिणेत अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, तर रोबस्टाची जानेवारी ते मार्च. प्रक्रिया, वाळवणी आणि थोडी विश्रांती झाल्यावर नवा माल मार्च ते मेच्या सुमारास भाजणाऱ्यांकडे पोचू लागतो. त्यामुळे डिसेंबरात कालच भाजलेल्या बिया मिळाल्या, तरी कच्चा माल जवळजवळ वर्षाचा असू शकतो. चांगल्या पोत्यांत, थंड कोठारात ठेवलेला असेल तर तो टिकतो. नाहीतर कितीही ताजा भाजला तरी लाकडाची, ताग-पोत्याची चव येते. पाकिटावर पिकाचे वर्ष देणारा रोस्टर (बिया भाजून विकणारा) मिळाला तर त्याला धरून राहा.

दुकानात काचेच्या बरणीत उघड्यावर ठेवलेल्या बिया कितीही छान दिसल्या तरी घेऊ नयेत. पाकिटाला एकमार्गी झडप हवी, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत येत नाही.

प्रश्न (पुणे): भाजल्याच्या तिसऱ्याच दिवशी बिया हातात आल्या. ताज्या आहेत म्हणून लगेच वापरल्या. कप फेसाने भरला, मिनिटभरात फेस बसला आणि खाली आंबट-तुरट कॉफी राहिली. दळण बारीक केले तर थेंब थेंब पडते. बिया परत कराव्यात का?

परत करू नका. बिया चांगल्या आहेत, फक्त फार लवकर उघडल्या. भाजल्यानंतर पहिले काही दिवस त्यांतून वायू जोराने बाहेर पडत असतो. गरम पाणी पुडीत शिरले की हा वायू त्याला ढकलतो. पाणी सगळीकडून सारखे न जाता वाट मिळेल तिथून निघून जाते, म्हणून काही पूड धुऊन निघते आणि काही जवळजवळ कोरडी राहते. आंबट आणि तुरट दोन्ही चवी एकाच कपात येतात त्या यामुळे.

डार्क बियांना 5 ते 7 दिवस, मीडियमला 7 ते 14 दिवस, लाइटला 14 ते 21 दिवस विसावा द्यावा. पाकीट उघडायचे नाही, अंधाऱ्या कपाटात तसेच ठेवायचे. त्यानंतरचे तीन ते चार आठवडे एस्प्रेसोसाठी सर्वांत चांगले. अगदीच थांबवत नसेल तर 18 ग्रॅम दळून पूड 15 ते 20 मिनिटे उघडी ठेवा आणि मग शॉट काढा. पुडीतून वायू फार लवकर निघतो. थोडा सुगंध जातो, पण शॉट आटोक्यात येतो. तोवर त्याच बिया फ्रेंच प्रेसमध्ये किंवा हाताने ओतायच्या फिल्टरमध्ये वापरता येतील. आधी थोडे पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट फुगू द्यायची, मग उरलेले पाणी.

तुमच्या पत्रात 'कप 60 मिलिला भरला की थांबवतो' असे आहे. ते सोडा. ताज्या बियांच्या 60 मिलित निम्मा फेस असू शकतो. कपाखाली 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा ठेवा आणि 36 ग्रॅमला मशीन बंद करा. त्याशिवाय कालचा आणि आजचा शॉट ताडून पाहता येत नाही.

प्रश्न (नाशिक): घरात पाच माणसे, सगळ्यांना दुधाची कॉफी लागते. महागातली अरेबिका आणली तर दुधात चवच लागत नाही. रोबस्टा घ्यावी का? ती हलकी समजतात ना?

घ्यावी, पण निवडून. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी रोबस्टाच आहे आणि तिच्यात दर्जाचे अंतर फार मोठे आहे. झाडावरून ओरबाडून फळासकट वाळवलेली स्वस्त 'रोबस्टा चेरी' जळक्या रबराचा, ओल्या लाकडाचा वास देते. बदनामी झाली ती तिच्यामुळे. पिकलेली फळे निवडून, साल-गर काढून, धुऊन वाळवलेली रोबस्टा वेगळीच असते. व्यापारात तिला 'रोबस्टा पार्चमेंट' म्हणतात आणि तिच्या वरच्या प्रतीला 'कापी रॉयल'. तिची चव डार्क चॉकलेट, भाजलेले धान्य, थोडा मसाला अशी लागते. दुधात ती टिकते.

अरेबिकात कॅफिन साधारण 1.2 टक्के, रोबस्टात 2.2 टक्क्यांच्या आसपास. रोबस्टात तेल कमी, म्हणून फेस जाड येतो आणि टिकतो. आंबटपणाही कमी. या सगळ्याचा दुधाला फायदाच होतो. मात्र संध्याकाळी उशिरा पिणाऱ्यांनी कॅफिनचा हिशेब लक्षात ठेवावा.

सुरुवात 80 टक्के अरेबिका आणि 20 टक्के रोबस्टा अशा तयार मिश्रणापासून करा, मग 70:30 पाहा. अर्ध्याहून अधिक रोबस्टा आमच्या मते फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची कडक चव एस्प्रेसो मशीनमधून हवी आहे. घरी मिश्रण करायचे असेल तर दोन्ही मीडियम डार्क घ्या आणि प्रत्येक शॉटला वजन करून मिसळा: 13 ग्रॅम अरेबिका, 5 ग्रॅम रोबस्टा. ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात दोन्ही एकदम ओतले तर बिया वेगवेगळ्या आकाराच्या असल्याने प्रत्येक दळणात प्रमाण बदलत राहते.

तुमच्यासाठी आणखी एक चांगला पर्याय म्हणजे मान्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कित्येक महिने दमट हवेत युरोपला जाताना कच्च्या बिया फुगत, फिकट पडत आणि त्यांचा आंबटपणा जाई. 1869 साली सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास छोटा झाला आणि तिथल्या गिऱ्हाइकांना ती चव मिळेनाशी झाली. म्हणून मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघड्या बाजूंच्या गोदामांत बिया पसरून, वरखाली करून, सैल पोत्यांत भरून, पावसाळी वारा त्यांतून खेळवण्याची पद्धत बसली. या कॉफीला भौगोलिक मानांकन आहे. आंबटपणा जवळजवळ नाही, अंगाने जड, चव मातकट-मसालेदार. युरोपातले रोस्टर ती एस्प्रेसोच्या मिश्रणांत मुद्दाम घालतात. वापरताना एक काळजी घ्या: या बिया फुगीर आणि हलक्या असल्याने 18 ग्रॅम पूड बास्केटमध्ये जास्त जागा घेते. पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायचा दांडा) मशीनला बसवून काढल्यावर पुडीवर वरच्या जाळीचा ठसा उमटला तर 17 किंवा 16.5 ग्रॅमवर या.

राहिले दूध. 6 टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध कॉफीवर मात करते. 3 टक्क्यांचे टोन्ड किंवा गाईचे दूध घ्या. 36 ग्रॅमच्या शॉटला 120 ते 150 मिलि दूध पुरे. शॉट 36 ऐवजी 28 ते 30 ग्रॅमला थांबवला तर दुधात आणखी ठळक लागतो. हे आधी करून पाहा, कदाचित आहे त्याच अरेबिकात काम भागेल.

प्रश्न (सातारा): मशीन लहान आहे, 51 मिमीच्या बास्केटचे. बिया मिक्सरवर दळतो. महागाच्या बियांनी फरक पडेल का?

आत्ता नाही. तुमच्या मशीनचे बास्केट उलटे करून पाहा. आत बरीच छिद्रे आणि बाहेरच्या बाजूला तळाशी एकच सूक्ष्म भोक असेल, तर ते दुहेरी भिंतीचे बास्केट आहे. दाब त्या भोकामुळे तयार होतो, पुडीमुळे नाही. शिळ्या पुडीतूनही ते फेस काढते, त्यामुळे बियांतला बारकावा कपात पोचतच नाही.

मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते. त्यात पीठही होते आणि रवाळ तुकडेही राहतात. पिठातून कडू उतरते, तुकड्यांतून आंबट. पैसे घालायचे तर आधी बर (बिया भरडणाऱ्या दातेरी चाकांची जोडी) असलेल्या ग्राइंडरमध्ये घाला. एस्प्रेसोइतके बारीक आणि बारीक टप्प्यांत बदलता येणारे दळण देणारा हाताने फिरवायचा ग्राइंडरही चालतो. त्यानंतर त्याच मापाचे एकेरी भिंतीचे बास्केट. महागाच्या बियांची पाळी यानंतर. तोवर मीडियम डार्क, साधे पण ताजे मिश्रण घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): प्लांटेशन एए, पीबी, चेरी एबी, म्हैसूर नगेट्स या प्रतींचा अर्थ काय? एए सर्वांत चांगली का?

भारतीय व्यापारात धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिकाला 'प्लांटेशन' आणि फळासकट वाळवलेल्या कॉफीला 'चेरी' म्हणतात. पुढची अक्षरे मुख्यतः चाळणीची आहेत: एए म्हणजे सुमारे 7.1 मिमीच्या चाळणीवर राहणारे मोठे दाणे, ए म्हणजे 6.65 मिमीच्या आसपासचे, बी 6 मिमीचे. पीबी म्हणजे पीबेरी. फळात नेहमीच्या दोनऐवजी एकच गोल बी तयार होते, ती. म्हैसूर नगेट्स एक्स्ट्रा बोल्ड ही मोठ्या दाण्याच्या धुतलेल्या अरेबिकाची निवडक निर्यात प्रत.

एकाच इस्टेटीचा एए आणि ए घेतला तर कपात ओळखू येईलच असे नाही. सारख्या आकाराच्या बिया सारख्या भाजल्या जातात हा चाळणीचा खरा उपयोग. म्हणून पाकीट उघडल्यावर मूठभर बिया पांढऱ्या ताटलीत पसरून पाहा. रंग सारखा हवा. मधूनच फिकट पिवळसर बिया दिसल्या तर त्या कच्च्या फळांच्या असतात. त्यांची चव शेंगदाण्याच्या सालासारखी, घसा धरणारी. 18 ग्रॅममध्ये अशा चार-पाच सापडल्या तर वेचून टाका. भोके पडलेल्या, तुटलेल्या, काळ्या ठिक्कर बियाही काढाव्यात. खडा दिसला तर तो ग्राइंडरच्या बरला मारक, हे वेगळे सांगायला नको. पीबीला जास्त पैसे मोजण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

प्रश्न (नागपूर): इटालियन रोस्ट म्हणून तेलाने चकाकणाऱ्या काळ्या बिया आणल्या. ग्राइंडर सारखा अडतो. माझे मशीन बिया आतच दळणारे, पूर्ण स्वयंचलित आहे.

त्या मशीनमध्ये या बिया वापरू नका. भाजणी दुसऱ्या कडकडाटापर्यंत (बिया दुसऱ्यांदा तडतडतात तिथपर्यंत) आणि त्यापुढे नेली की बियांच्या पेशी फुटून तेल पृष्ठभागावर येते. चकाकी ताजेपणाची खूण नाही. उलट, हवेशी संबंध आलेले ते तेल लवकर खवट होते. स्वयंचलित मशीनमध्ये बिया वरच्या भांड्याच्या उतारावर चिकटतात आणि बरपर्यंत घसरत नाहीत. पुडीचा चिखल नळीत साठतो आणि मशीन 'बिया संपल्या' असा इशारा देते, तेव्हा भांडे मात्र अर्धे भरलेले असते.

भांडे रिकामे करून कोरड्या सुती कापडाने पुसा. पूड जाण्याचा मार्ग माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ब्रशने साफ करा. पाणी अजिबात नको. तांदूळ घालून ग्राइंडर साफ करण्याचा सल्ला फिरतो, तो पाळू नका. कच्चा तांदूळ बरवर आणि मोटरवर ताण आणतो. नंतर कोरड्या, मंद पृष्ठभागाच्या मीडियम किंवा मीडियम डार्क बिया घ्या. कुठे कुठे तेलाचा ठिपका असला तर चालतो.

उरलेल्या काळ्या बिया मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यात) संपवा. वेगळा ग्राइंडर आणि एस्प्रेसो मशीन असणाऱ्यांनी डार्क बियांसाठी दळण थोडे जाड, पाणी शक्य तर 88 ते 90 अंश आणि शॉट 30 ग्रॅमच्या आसपास ठेवावा, म्हणजे राखेची चव येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): लाइट रोस्ट, नॅचरल प्रक्रियेच्या अरेबिका बिया आणल्या. पाकिटावर जांभूळ, संत्रे असे वर्णन. माझ्याकडे मात्र नुसते आंबट होते.

लाइट बिया कठीण असतात आणि त्यांतून चव विरघळायला जास्त उष्णता, जास्त पाणी आणि जास्त बारीक दळण लागते. 18 ला 36 हे प्रमाण त्यांना अपुरे पडते. 18 ग्रॅमला 45 ते 50 ग्रॅम काढा, वेळ 30 ते 35 सेकंद. तापमान बदलता येत असेल तर 94 ते 95 अंश. लहान मशीनवर तापमान हातात नसते. तिथे पोर्टाफिल्टर लावून ठेवून 15 ते 20 मिनिटे मशीन तापवा, शॉटच्या आधी पूड न घालता एक कपभर पाणी सोडा आणि कपही गरम करा.

एवढे करूनही आंबटच राहिले तर या बिया तुमच्या मशीनच्या नाहीत असे समजा आणि फिल्टरने प्या. तिथे ते जांभूळ खरोखर सापडेल. अ‍ॅनारोबिक किंवा तत्सम दीर्घ आंबवणीच्या बिया पहिल्यांदा एस्प्रेसोसाठी मागवताना 100 ग्रॅमच मागवाव्यात. आंबवणीचा वास एस्प्रेसोत कितीतरी पटींनी उठून येतो आणि तो सर्वांनाच रुचतो असे नाही.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात बिया कुठे ठेवाव्यात? फ्रीज चालेल का?

फ्रीज नको. दार उघडझाप झाली की गार बियांवर दमट हवेतले पाणी जमते, आणि मसाल्याचा, माशांचा वास बिया चटकन ओढून घेतात. भाजलेल्या बियांत ओलावा 2-3 टक्केच असतो, त्यामुळे बाहेरचा ओलावा शोषायला त्या तयारच असतात.

आठ-दहा दिवसांत संपणाऱ्या बिया मूळ पाकिटातच, हवा दाबून काढून, तोंड घट्ट दुमडून, हवाबंद डब्यात ठेवा. गॅसच्या वरचे कपाट टाळा. ग्राइंडरच्या भांड्यात रात्रभर काही ठेवू नका, शॉटपुरत्याच तोलून घाला.

त्याहून जास्त असतील तर डीप फ्रीझर उत्तम, पण नीट वापरला तरच. बियांचा विसावा पूर्ण होऊ द्या, मग 18-18 ग्रॅमच्या छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत किंवा झिप पिशव्यांत काठोकाठ भरून ठेवा. एक बाटली काढली की गोठलेल्याच बिया लगेच ग्राइंडरमध्ये घाला. थांबणार असाल तर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. एकदा उघडलेली पुन्हा आत ठेवायची नाही. अशा रीतीने दोन-तीन महिने चव चांगली राहते. गोठलेल्या बियांचे दळण थोडे बारीक पडते, म्हणून सेटिंग किंचित जाड करावे लागेल.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. दमट हवेत पुडीचे गोळे होतात आणि शॉट सहसा मंदावतो. तर बिया जुन्या होत जातात तसा तो वेगाने पडू लागतो. दोन्ही एकदम चालू असल्याने कालचे सेटिंग आज चालेलच असे नाही. पूड बास्केटमध्ये पडल्यावर बारीक सुयांच्या साधनाने तळापर्यंत ढवळा, गोळे मोडा आणि मगच टॅम्प करा, म्हणजे पूड दाबून बसवा. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात अडचण उलटी असते. स्थिर विजेमुळे पूड उडते. तिथे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा फवारा पुरतो.

प्रश्न (अमरावती): आमच्या जिल्ह्यातली चिखलदऱ्याची कॉफी एस्प्रेसोला चालेल का?

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातले कॉफीचे ठिकाण म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. उंची अरेबिकाला पुरेशी आहे. अडचण बियांत कमी, हाताळणीत जास्त: उत्पादन थोडे, आणि पर्यटकांसाठीच्या दुकानांत अनेकदा दळलेली पूडच मिळते. तीत चिकोरी आहे का हे पाकिटावर वाचून घ्या. चिकोरीची पूड एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये फुगून चिकट होते आणि मशीन तुंबवते. न भाजलेल्या बिया मिळत असतील तर 500 ग्रॅम घ्या, वर सांगितल्याप्रमाणे ताटलीत निवडा आणि छोट्या घाण्यावर भाजून देणारा कोणी असेल तर त्याच्याकडून मीडियम डार्क भाजून घ्या.

प्रश्न (लातूर): त्याच बिया पुण्यात बहिणीकडे छान लागतात, आमच्याकडे बेचव. पाणी बोअरचे आहे.

तुमचा अंदाज बरोबर आहे. जड पाण्यातले क्षार कॉफीतला नाजूक आंबटपणा मारतात, चव खडूसारखी सपाट होते आणि बॉयलरमध्ये खार साचतो. पण नुसते आरओचे पाणीही नको. विरघळलेले क्षार (टीडीएस) 20-30 पीपीएम इतकेच असतील तर कॉफी टोकदार आणि पोकळ लागते, शिवाय काही मशीनच्या पाणीपातळीच्या संवेदकाला ते पाणी ओळखू येत नाही. आरओ यंत्रावर क्षार जुळवण्याचा स्क्रू असतो, तो 80 ते 120 टीडीएसवर आणून घ्या. तोवर बियांबद्दल मत बनवू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): सुट्टीत भारतात येते. परतताना बिया घेऊन जाता येतील का?

भाजलेल्या बिया नेता येतात. सीमाशुल्काच्या घोषणेत खाद्यपदार्थ म्हणून नोंद मात्र करा. निघण्याआधी दोन-तीन दिवसांत भाजलेल्या, झडपेच्या बंद पाकिटांतल्या घ्या. प्रवास आणि जेटलॅग सरेपर्यंत त्यांचा विसावाही होऊन जाईल. तिथे सहसा न मिळणारे निवडायचे तर धुतलेली रोबस्टा आणि एखाद्या इस्टेटीची एस 795 घ्या.

प्रश्न (मडगाव): नवे पाकीट उघडले की चव जुळेपर्यंत बरीच कॉफी वाया जाते. कमीत कमी किती शॉटमध्ये जमायला हवे?

तीन ते चार, म्हणजे 55 ते 70 ग्रॅम. म्हणून 250 ग्रॅमच्या पाकिटातून प्रत्यक्षात दहाच चांगले शॉट मिळतात. दिवसाला दोन शॉट पिणाऱ्या घरात ते पाच-सहा दिवसांत संपते. अनोळखी बिया 250 ग्रॅम घ्या, आवडल्या की पुढच्या वेळी 500 ग्रॅम. सारखी नवी पाकिटे आणण्यापेक्षा एकाच बियांची सलग दोन-तीन पाकिटे वापरली तर वाया जाणे निम्म्यावर येते.

जुळवताना 18 ग्रॅम पूड आणि 36 ग्रॅम कॉफी हे दोन्ही आकडे पक्के ठेवा, बदलायचे फक्त दळण. पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंद लागायला हवेत. 18 सेकंदांत आले तर दळण दोन टप्पे बारीक करा, 40 लागले तर दोन टप्पे जाड. बदलानंतर ग्राइंडरमध्ये अडकलेली जुनी पूड निघावी म्हणून 3-4 ग्रॅम दळून टाका, नाहीतर तुम्ही मागच्याच सेटिंगची चव घेत राहाल. वेळ बसली की मग चाखा. आंबट असेल तर दळण तेच ठेवून कपात 40 ग्रॅमपर्यंत जाऊ द्या, कडू असेल तर 32 ला थांबवा. चव पटली की दळणाचा आकडा, सेकंद आणि भाजल्याची तारीख पेन्सिलीने पाकिटावरच लिहा. त्याच बिया पुन्हा आणल्यावर पहिला शॉट त्या आकड्यावरून काढा.